तळाबाहेरचं बोलायचं नाही

त्या शनिवारी ब्रेककाकांच्या टाळक्यात मी इस्त्री घातली नाही, याबद्दल त्यांनी जन्मभर माझे आभार मानायला हवेत. इस्त्री हाताशी होती. तापलेलीही होती.

पण आधी कोण ब्रेककाका आणि कसली इस्त्री ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई उगाच अंगावर येते.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मी काही शिवत नाही. लोक आणतील ते आखूड करते, सैल करते, उसवलेलं शिवते, तुटलेली चेन बदलते. "जरा पोटात सोडून द्या हो" म्हणत येणारेच निम्मे. दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे कापायचं मोठं टेबल, दोन मशिनी, इस्त्रीची फळी, कपडे चढवून बघायची एक डमी आणि भिंतीवर टीव्ही. शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की त्या खोलीत आमची टोळी जमते आणि आम्ही 'लांबचा तळ' बघतो.

एका ओसाड ग्रहावर अडकलेल्या माणसांची ही मालिका. माणसं बरी आहेत, पण जीव सगळ्यांचा हमालावर. हमाल म्हणजे तळावरचं सामान उचलणारं यंत्र. चौकोनी, पोचे आलेलं आणि महाकुरकुरं. काहीही काम सांगा, आधी तो रडगाणं गाणार, मग म्हणणार, "बरं बरं, उचलतो." ते "बरं बरं" ऐकायला लोक आठवडाभर थांबायचे. मूळ मालिका दुसऱ्याच भाषेतली. आपल्या भाषेत हमालाला आवाज दिला तो माझ्या धाकट्या भावाने. छातीतून यायचा तो आवाज, रांजणात बोलल्यासारखा. टोळीत त्याचं नावच हमाल पडलं.

टोळी म्हणजे आम्ही पाच जण. मी, माझा भाऊ, समोरचा पाववाला, शेजारची पार्लरवाली, आणि ब्रेककाका. काका गाडी चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो दाबून दाबून त्यांचा उजवा पाय घरातही आपोआप दाबला जातो. बोलतानाही तसंच. दुसऱ्याचं वाक्य वेग घ्यायला लागलं की यांनी दाबलाच ब्रेक.

टोळीचा नियमही त्यांचाच. तळाबाहेरचं बोलायचं नाही. म्हणजे मालिकेवर भांडायचं ते तळावरचा माणूस असल्यासारखं. नटाने नोकरी सोडली, लेखक थकला, कंपनीकडे पैसे नव्हते, असली कारणं द्यायची नाहीत. तळावर जे घडलं त्याचं कारण तळावरच सापडलं पाहिजे. नियम मोडला तर कोपऱ्यातल्या बिनपाठीच्या स्टुलावर बसायचं. आणि भांडण संपलं की प्रत्येकाने डमीला एक टाचणी टोचायची. भाग आवडला तर छातीत, बकवास असेल तर पाठीत. बाहेरून कुणी बघितलं तर जादूटोणा चाललाय म्हणेल.

पूर्वी खरी भांडणं व्हायची ती काका आणि माझ्या भावाची. एकदा हमालाला झोप लागते की नाही यावरून दोघे महिनाभर बोलत नव्हते. शनिवारी यायचे, शेजारी शेजारी बसायचे आणि मला सांगायचे, "ताई, त्याला सांग." मी कुणालाच काही सांगितलं नाही. मला काय दुसरे उद्योग नाहीत?

मग भावाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. आता तो गळ्याच्या पुढच्या भोकातून श्वास घेतो. त्यावर बांधायला मी मऊ सुती कापडाच्या पट्ट्या शिवल्या, प्रत्येक शर्टाला शोभेल अशा. जीव वाचला. ते मला कळतं, कुणी समजवायला नको.

हॉस्पिटलमधून त्याला एक यंत्र मिळालं. टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठांनी बोलायचं, की घूं घूं करत शब्द बाहेर येतात. सगळे एका पट्टीत. त्याने ते एकदाच वापरलं, औषधाच्या दुकानात. मागे रांगेत उभ्या एका टवाळाने तसाच आवाज काढून दाखवला आणि त्याच्या सोबतचे खिदळले. मी तिथे नव्हते हे त्या टवाळाचं नशीब. दुकानात येऊन भावाने टेबलावर माझ्या खडूने लिहिलं, 'यंत्राचं काम करत होतो तेव्हा माणसासारखा बोललो. आता नको.' आणि ते यंत्र बटणांच्या डब्यात टाकून दिलं.

तेव्हापासून तो टेबलावर खडूने लिहायचा. मी पुसायचे. त्याला वाटायचं, यंत्राचा विषय संपला. मी दर रविवारी ते डब्यातून काढून चार्ज करून परत बटणांत पुरून ठेवायचे. खड्ड्यात गेला त्याचा नकार. ज्या दिवशी याला बोलावंसं वाटेल त्या दिवशी बॅटरी नाही म्हणून गप्प बसायला नको. पण तो दिवस काही उजाडेना, आणि मला आतून भीती वाटायला लागली होती की हा असाच कायमचा मुका होऊन बसणार.

टोळीचं वागणं तर विचारू नका. तो काचेचं भांडं असल्यासारखे सगळे त्याच्याशी वागायचे. पाववाला त्याच्यासाठी वेगळा मऊ पाव आणायचा आणि तो देताना इतका हळू बोलायचा, जणू भावाचे कानही काढलेत. पार्लरवाली त्याच्याकडे बघून नुसती हसायची. आणि त्याने खडूने काहीही लिहिलं तरी सगळे म्हणायचे, "बरोबर आहे, बरोबर आहे." एकदा त्याने मुद्दाम लिहिलं, 'कॅप्टन मूळचा मासा आहे.' तिघेही म्हणाले, बरोबर आहे. ब्रेककाकासुद्धा! त्या दिवसापासून त्याने लिहिणं सोडलं. संतापाने माझ्या हातातली सुई मोडली होती.

तर त्या शनिवारी नवीन पर्व सुरू झालं. मागच्या पर्वाच्या शेवटी हमालाच्या अंगावर छप्पर पडून त्याचा चेंदामेंदा झाला होता. या भागात त्याला जोडून उभा केला. तो उठला, आणि वेगळ्याच आवाजात बोलला. कोवळा, पातळ आवाज. कुणीतरी तरुण मुलगा असणार. दुसरं करणार काय कंपनी? दोष कुणाचाच नाही. पण मला राग यायला दोष लागत नाही. मी भावाकडे बघितलं नाही. फळीवर एक झगा घेतला आणि गरज नसताना त्याला इस्त्री करत बसले.

भागाची गोष्ट एवढीच, की तळाचं मोठं दार निसटतं, सगळे आत अडकतात, हमाल ते दार पाठीवर धरतो आणि माणसं एकेक करून त्याच्या पायांमधून बाहेर सरपटतात. शेवटी कॅप्टन हात पुढे करतो. हमाल म्हणतो, "बरं बरं, उचलतो," दार खाली येतं आणि अंधार.

आम्ही दिवा लावला.  काकांनी घसा खाकरला.

"हा हमाल नव्हे," काका म्हणाले. "ही शत्रूने पाठवलेली नक्कल आहे. पुरावे देतो."

"काका, राहू द्या ना आज," पाववाला कुजबुजला आणि चोरून भावाकडे बघितलं.

"का राहू द्या? भाग बघितला ना? मग भांडायचं. पहिला पुरावा. खरा हमाल आधी कुरकुरतो, मग उचलतो. याने आधी उचललं. दुसरा. याने कॅप्टनला 'साहेब' म्हटलं. खऱ्याने आयुष्यात कुणाला साहेब म्हटलं नाही."

"अहो पण नक्कल असेल तर ती जीव कशाला देईल?" पाववाल्यालाही राहवेना.

"आपला विश्वास बसावा म्हणून."

"दार अंगावर पडलं की हो! आता विश्वास बसून त्याला काय फायदा?"

"आणि दुरुस्तीला दिलेली वस्तू थोडी बदलतेच," पार्लरवाली म्हणाली. "माझा ड्रायर दुरुस्त होऊन आला तेव्हापासून वेगळाच कोकलतो. मग काय तो शत्रूचा ड्रायर झाला?"

मला हसू आलं असतं. पण माझं लक्ष भावाकडे गेलं. त्याने खडू उचलला होता. किती आठवड्यांनी! टेबलाच्या कडेला वाकून तो भराभर लिहीत होता, अक्षरं एकमेकांवर चढत होती, खडूचा तुकडा पडला. मी इस्त्री उभी करून ठेवली.

पण भांडण कुणासाठी थांबतं का? त्याची पहिली ओळ होईस्तोवर काका पाचव्या पुराव्यावर पोचले होते. बोलण्याच्या भरात ते टेबलावर पुढे झुकले, कोपर टेकवलं, आणि हात हलवत हलवत माझ्या भावाने लिहिलेलं अख्खं वाक्य कोपराने पुसून टाकलं. त्यांना पत्ताही नाही! भाऊ हातातल्या खडूकडे आणि त्या पांढऱ्या फराट्याकडे बघत राहिला.

"आणि सगळ्यात मोठा पुरावा," काकांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "आवाज! हमालाचं हमालपण कशात होतं? आवाजात. आवाज गेला म्हणजे हमाल गेला. उरलं ते नुसतं डबडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, उठा," मी म्हणाले.

"काय?"

"उठा. बूट घाला आणि चालायला लागा. माझ्या दुकानात बसून, माझा चहा ढोसून, माझ्या भावाच्या तोंडावर हे बोलता? लाज नाही वाटत?"

"ताई, मी हमालाबद्दल बोलतोय."

"मीही हमालाबद्दलच बोलतेय!"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा असा उतरला की दुसऱ्या कुणाला कीव आली असती. मला आली नाही. "तळावरचं... मी फक्त तळावरचं..." असं काहीतरी पुटपुटत ते उठले आणि बूट शोधायला लागले. पाववाला जमिनीकडे बघत होता. पार्लरवालीचे डोळे भरले होते. मी दाराकडे बोट दाखवून उभी. आणि खोटं कशाला बोलू, इस्त्रीकडेही माझं लक्ष गेलं होतं.

धाड!

भावाने टेबलावर हात आपटला होता. उठला, कपाटाशी गेला, बटणांचा डबा काढला आणि सरळ टेबलावर पालथा केला. बटणं चहूकडे उधळली. त्यातून त्याने ते यंत्र उचललं, गळ्याची पट्टी बाजूला सारली आणि टेकवलं.

घूंऽऽ.

जागा चुकली होती. नुसतीच गुणगुण आली. पाववाल्याने खिसा चाचपला. त्याला वाटलं, आपला फोन थरथरतोय.  आता हा ते फेकून देणार आणि पुन्हा कधीच हातात धरणार नाही.

भावाने यंत्र बोटभर खाली सरकवलं.

"काका. बसा."

सपाट आवाज. ना चढ ना उतार. पण चेहरा लालबुंद, कपाळावरची शीर फुगलेली. इतका चिडलेला मी त्याला आजारपणानंतर पहिल्यांदाच बघितला. काका एक बूट हातात धरून मटकन खाली बसले.

"कोपर. बघा. स्वतःचं."

काकांनी बाही वळवून बघितली. पांढरीफटक.

"माझा मुद्दा. पुसलात तुम्ही."

"अरे बापरे," काका म्हणाले.

"परत सांगतो. धुळीच्या वादळाचा भाग. आठवा. हमालाचा स्पीकर जळला होता. अख्खा भाग तो एक शब्द बोलला नाही. नुसता पाइपावर ठोकत होता. ठोकण्यावरून तुम्ही ओळखलंत, तो काय म्हणतोय. तेव्हा तो हमाल होता की नव्हता?"

 तिघांचे चेहरे बघूनच मला राग आला. आता हे तिघे गहिवरणार. पाववाल्याने तर तोंड उघडलंही, "बरोब..."

मनात म्हटलं, मेल्या, 'बरोबर आहे' म्हणालास तर कात्री आहे माझ्याकडे.

 काकांनी हातातल्या बुटाकडे बघितलं. मग तोच बूट टेबलावर आपटला.

"साफ चूक!" काका ओरडले.

पार्लरवाली दचकली. मी टेबलाची कड धरली.

"साफ चूक! तो दोष तात्पुरता होता! पुढच्या भागात नवा स्पीकर बसवला, आणि आवाज तोच आला!"

"नवा स्पीकर. म्हणजे जुना नव्हे. तरी हमाल तोच. तुम्हीच म्हणालात."

"शब्दांत पकडू नकोस! मी म्हणतो ते..."

"मी पकडणारच. तुम्ही सोडता कशाला?"

"आणि साहेब म्हणाला त्याचं काय? बोल ना आता! साहेब म्हणाला!"

"छप्पर पडून मेला होता तो. कॅप्टनने जोडला. तुम्हाला कुणी जोडलं. तर एकदा साहेब म्हणणार नाही?"

"नाही म्हणणार!" काका उभे राहिले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. "मरेन पण साहेब म्हणणार नाही!"

भावाने यंत्रावरचं चाक फिरवलं. घूं घूं दुप्पट झाली. "तुम्ही. आडमुठे. आहात!"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"मला ओरडता येत नाही. चाक फिरवलं."

पाववाला फिस्सकन हसला आणि मग भीतीने गप्प झाला. भावाने त्याच्याकडे बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. हसताना आता त्याचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. तेवढ्यात काका पुन्हा पाचव्या पुराव्यावर आले आणि दोघांची जी जुंपली म्हणता! पलीकडच्या शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मीही उलट ठोकली. म्हटलं, ठोका खुशाल, इतके महिने शांतता होती तेव्हा कुणी विचारपूस केली होती का?

शेवटी टाचण्या काढल्या. काकांनी पाठीत टोचली, तावातावाने. पाववाल्याने आणि पार्लरवालीने छातीत. मी पाठीत टोचली. दार इतका वेळ कुणाच्या पाठीवर राहतं का? मग भाऊ उठला. सगळ्यांना वाटलं, हमालाची एवढी बाजू घेतली, हा छातीतच टोचणार. त्याने डमीला वळसा घातला आणि पाठीत खुपसली.

"अरे!" काका ओरडले. "मग इतका वेळ का भांडलास?"

"हमाल खरा आहे. भाग भिकार आहे." तो थांबला, यंत्र नीट टेकवलं. "तो पोरगा चांगला बोलतोय. त्याला वाक्यंच भिकार दिलीत."

 मग काकांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

"तळाबाहेरचं बोललास," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला, पण बोट हललं नाही. "स्टुलावर."

माझा भाऊ, ज्याच्यापुढे महिनोन् महिने कुणी खोकलंसुद्धा नव्हतं, तो गुपचूप जाऊन त्या बिनपाठीच्या स्टुलावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला भिंतीकडे तोंड करून ती केव्हाच गार झालेली इस्त्री परत फिरवावी लागली.

जाताना काका दारात घुटमळले. माझ्याकडे बघून काही बोलणार होते. मी म्हटलं, "बूट घाला दुसरा. आणि पुढच्या शनिवारी कोपरं खिशात ठेवून या." त्यांनी मान हलवली आणि गेले.

मग राहिलो आम्ही दोघं, ढीगभर बटणं आणि पसरलेल्या खुर्च्या. मी गुडघ्यावर बसून बटणं वेचत होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळे काळी आणि निळी एकत्र होत होती, आणि त्याचाही मला संताप येत होता.

"हे चार्ज केलेलं कसं होतं?" मागून घूं घूं आली.

"मला काय माहीत," मी म्हणाले. "बसला आहेस काय नुसता? शिक्षा संपली तुझी. खुर्च्या उचल त्या."

पूर्वी असं म्हटलं की तो हमालाच्या आवाजात कुरकुरायचा आणि "बरं बरं, उचलतो" म्हणायचा. ते मला आठवलं आणि नको तेव्हा आठवलं. हात बटणांतच राहिला.  मग मागून यंत्राचं बटण दाबल्याची खट्ट ऐकू आली.

"तूच उचल," तो म्हणाला. "बटणं सांडून मी दमलोय."

मी ताडकन उठले. नालायक, ऐतखाऊ, आळशी, तोंडाला येईल ते बोलले त्याला, आणि बोलता बोलता सगळ्या खुर्च्या मीच उचलल्या. त्याने एकेक शिवी मला परत केली, यंत्राचं चाक पूर्ण फिरवून.